सुटे ठोके

११ जानेवारी

आज एका दिवसात तीन माणसं झालो. सकाळी नऊला फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात. तीस सेकंदांत घर चकाचक व्हायचं, म्हणून ठेका धावता. दुपारी विरहाचं गाणं. त्याला काठ्या नाहीत, तारांचे ब्रश, आणि तेही अंगण झाडल्यासारखे नुसते फिरवायचे. संध्याकाळी मुलांच्या कार्टूनमधला हत्ती जिन्यावरून पडतो तो आवाज. हत्ती चार वेळा पडला. पाचव्यांदा दिग्दर्शक म्हणाला, "हं, आता खरा पडला."

वही घेतली ती ताईमुळे. ती म्हणते, फोनवर तू सगळं एका दमात ओकतोस, मला अर्धं कळत नाही, लिहून ठेवत जा. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर पळतं, पण ते माझं सगळंच पळतं.

स्टुडिओत मला 'चालेल' म्हणतात. कुणी विचारलं, लष्करी बँडचा ठेका येईल का, तर मी म्हणतो चालेल. नाचाचा? चालेल. एकाने विचारलं, जेवलास का, तर तोंडातून चालेल गेलं. तेव्हापासून तेच नाव पडलं. मला राग नाही. दुसरे ड्रमवाले सांगतात, आम्ही अमुकच वाजवतो. मला म्हणा, उद्या पाऊस पडल्यासारखं वाजव, मी फक्त विचारणार, कौलांवर की पत्र्यावर.

संगीताचा कागद मला वाचता येत नाही. गाणं एकदा ऐकतो आणि माझ्या खुणा करतो. उभी रेघ म्हणजे ठोका, तिरकी म्हणजे झांज, शून्य म्हणजे गप्प बसायचं. सुरुवातीला लोक हसायचे. आता विचारतात, आम्हालाही शिकव.

१९ जानेवारी

मोठी बातमी. कॉम्प्युटरसाठी आवाज बनवणारी एक कंपनी आहे. त्यांना एका ड्रमवाल्याचे सगळे आवाज भरून घ्यायचेत. गाणं नाही, ठेका नाही, नुसते ठोके. मग जगात कुणालाही ते कॉम्प्युटरवर लावून गाणं करता येईल. पाच जणांची परीक्षा घेतली. पन्नास ठोके, सगळे सारखे. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची एक काडी उभी राहते. एकाच्या काड्या शेतातल्या गवतासारख्या, कुणी उंच कुणी बुटकी. माझ्या काड्या म्हणजे कुंपण. कंपनीचा माणूस पडद्याजवळ गेला, चष्मा वर केला, म्हणाला, "हे हाताने केलंय?"

मी म्हटलं, "पायाने पण करून दाखवू का?"

मला घेतलं. कागदावर सही केली. कागद आठ पानांचा होता. मी शेवटचं पान बघितलं, कारण सही तिथेच होती.

२० जानेवारी

खोलीतल्या सोबत्याला सांगितलं. तो वायरमन आहे, उंच इमारतींमध्ये वायर ओढतो. आम्ही एक खोली, एक शेगडी आणि एक कपाट वाटून घेतलंय, आणि कपाटाचा मोठा भाग माझ्या झांजा खातात.

तो अंडी फोडत म्हणाला, "म्हणजे आजवर तू गाणं वाजवून घाऊक विकत होतास. आता ठोके किरकोळीत विकणार."

"किरकोळीत का होईना, जगभर जाणार."

"जा बाबा. जाताना झांजा घेऊन जा. माझ्या शर्टांना जागा होईल."

२७ जानेवारी

पहिला दिवस. काम सोपं वाटलं होतं. घाम निघाला.

नियम असा. मधल्या ड्रमवर, म्हणजे स्नेअरवर, अगदी हळूपासून अगदी जोरापर्यंत सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर दहा ठोके उजव्या हाताने, दहा डाव्याने. एक ठोका मारायचा आणि दगड व्हायचं. आवाज पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही, श्वास सोडायचा नाही. मग काचेपलीकडून मॅडम हात वर करतात, मग दुसरा.

मॅडम म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या. चौदा वर्षं त्या काचेमागे आहेत. कान असा की मी नवे मोजे घातले तरी ओळखतील. आज त्यांनी तीन वेळा थांबवलं. एकदा खुर्ची करकरली. एकदा शर्टाची बाही घासली, मग मी बनियनवर बसलो. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पोट वाजलं तुझं. पाव खाऊन ये."

मी विचारलं, दहा दहा कशाला, एक चांगला घ्या आणि तोच लावा.

"तोच तोच लावला की कानाला कळतं, मशीन आहे. दहा थोडे वेगळे असले की माणूस बसलाय असं वाटतं."

"म्हणजे माझ्या चुका पण घेणार?"

"चुका नाहीत रे. फरक."

मला हे फार आवडलं. माझ्या फरकाला पण किंमत आहे.

२९ जानेवारी

सगळ्यात हळू ठोका हा सगळ्यात अवघड. जोरात कुणीही हाणेल. पहिल्या पायरीचा ठोका म्हणजे काठीने ड्रमला नुसतं विचारायचं, जागा आहेस का. मी भाचीला झोपवताना पाठीवर थोपटायचो ते आठवलं आणि जमलं. वीसच्या वीस ठोके पहिल्या फटक्यात. मॅडमनी काचेमागून अंगठा दाखवला. त्या अंगठा दाखवत नाहीत कुणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "कागद वाचलास?"

"वाचला."

"काय लिहिलंय?"

मी पाव चावत बसलो. मग त्यांनीच आठही पानं वाचून सांगितली. पैसे एकदाच. नाव कुठे येणार नाही. आणि हे ठोके आपले आहेत असं मी कुणाला सांगायचंही नाही. मला वाटलं, फार काही भयंकर सांगणार आहेत. म्हटलं, नाव कशाला हवं, आवाज आहे ना.

त्या म्हणाल्या, "सगळंच देऊ नकोस रे."

मला समजलं नाही. हात राखून वाजवणारा मी नाही. उलट दुपारी, त्यांनी मागितले नव्हते तरी, स्नेअरच्या काठावरचे ठोके काढून दिले. तो आवाज फार थोड्यांना येतो. कंपनीचा माणूस खूश. मॅडम बटणांकडे बघत राहिल्या.

१ फेब्रुवारी

संपलं. रविवार सोडून पाच दिवस, तीन हजारांवर ठोके. हात असे जड झालेत की काठीपेक्षा वही धरायला बरी वाटतेय.

निघताना कंपनीचा माणूस हात हातात घेऊन म्हणाला, "इतकं पूर्ण काम केलंत की आता पुन्हा कुणाला बोलवायची गरजच नाही."

आजवर माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. रस्त्याने चालत आलो. बसमध्ये बसवेना.

२ फेब्रुवारी

घरी फोन. आईने आधी विचारलं, जेवतोस का. ताईने विचारलं, टीव्हीवर दिसणार का. मग बाबांनी फोन घेतला. बाबा फोनवर बोलत नाहीत. पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या ठोकण्यात जन्म गेला, मोठ्याने बोलायची सवय आहे आणि फोनवर ते शोभत नाही असं त्यांना वाटतं. मी ठोकायला शिकलो ते त्यांच्याच दुकानात. ते नुसतं बोट वाजवून पत्रा किती जाड ते सांगतात.

म्हणाले, "सगळे ठोके घेतले त्यांनी?"

"सगळे. हळू, जोरात, काठावरचे, सगळे."

"मग तुझ्याकडे काय राहिलं?"

मी हसलो. "बाबा, ठोके काय डब्यातले खिळे आहेत का संपायला?"

"हं," म्हणाले, आणि फोन आईला दिला. या धंद्यातलं त्यांना कळत नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

९ एप्रिल

आज न्हाव्याकडे मान खाली घालून बसलो होतो. रेडिओवर नवं गाणं लागलं आणि दुसऱ्याच ठोक्याला माझे केस उभे राहिले. तो माझा स्नेअर. डाव्या हाताचा, नववी पायरी. स्वतःच्या पोराला गर्दीत ओळखावं तसं ओळखलं.

मी म्हटलं, "हा मी आहे."

न्हावी म्हणाला, "मान हलवू नका. कोण, गाणारा?"

"ड्रम."

"तुम्ही वाजवलंय?"

"वाजवलं नाही. पण मी आहे."

त्याने आरशातून बघितलं आणि वस्तरा जरा लांब धरला. तेव्हा आठवलं, सांगायचं नसतं. गप्प बसलो. पण आतून काय फुललो होतो. बाहेर आलो तर बुटांच्या दुकानात दुसरं गाणं, त्यातही मीच. काठावरचा ठोका. एका रस्त्यावर दोन वेळा मी स्वतःला भेटलो.

१७ मे

या आठवड्यात एकच काम. शाळांना सुट्ट्या आहेत, लोक बाहेरगावी गेले असतील.

२ जून

जाहिरातवाला फोन उचलत नाही. बिचारा कामात बुडालेला असतो. कार्टूनवाले म्हणाले, हत्तीची मालिका चालू आहे, पण आवाजाचं काम आता त्यांच्याकडे आत होतं. आत म्हणजे कुठे ते विचारलं नाही.

रोज दोन तास उशीवर वाजवतो, हात गंजू नये म्हणून. वायरमन म्हणतो, उशीने तुझं काय बिघडवलंय?

११ जून

जाहिरातवाल्याकडे स्वतःच गेलो. त्याने जागेवरून उठून मिठी मारली. "अरे चालेल, आत्ताच तुझी आठवण काढली." खोटं नव्हतं ते. त्याच्या टेबलावर छोटा कीबोर्ड होता आणि तो दोन बोटांनी ड्रम वाजवत होता. माझे.

त्याला ठाऊक नाही ते कुणाचे. म्हणाला, "ऐक, काय आवाज आहे. हा कुणी तरी मोठा माणूस असणार."

मी ऐकलं. आवाज चांगलाच होता, तो चांगला असणारच. पण वाजवलेलं ऐकून दात दुखले. एकाच क्षणी झांज, स्नेअर आणि बाजूचा मोठा ड्रम.

"याला तीन हात आहेत का?" मी विचारलं.

"काय?"

"झांज एका हाताची, स्नेअर दुसऱ्या हाताचा. हा तिसरा कशाने मारला, डोक्याने?"

त्याने हा विचार केलाच नव्हता. मग हसून म्हणाला, "ऐकणाऱ्याला कुठे कळतं?" मला राहवेना. बसलो आणि त्याचा ठेका दोन हातांचा करून दिला, एक तास. त्याने चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आला, आणि म्हणाला, काही लागलं तर बोलावतो.

परत येताना सगळा रस्ता मी तो एक तास मनात वाजवत होतो. मी त्याला काय शिकवून आलो? मी नसताना माझ्यासारखं कसं वाजवायचं ते.

३० जून

आज मागची पानं वाचली. कंपनीच्या माणसाचं वाक्य वाचलं, पुन्हा कुणाला बोलवायची गरज नाही. फेब्रुवारीत मी ते ऐकून रस्त्याने चालत आलो होतो. तेच वाक्य आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

मॅडमना कळलं होतं. बाबांनाही कळलं होतं, पत्रा ठोकणाऱ्या माणसाला, शेकडो मैलांवरून. मलाच कळलं नाही, आणि वर मी काठावरचे फुकट काढून दिले.

तरी एक खरं लिहितो, कारण इथे खोटं लिहून कुणाला दाखवायचंय. ते ठोके चांगले आहेत. लाज वाटते ती सहीची. ठोक्यांची नाही.

८ जुलै

वायरमनबरोबर कामाला लागलो. बाराव्या मजल्यावर भिंतीतल्या नळीतून वायर ओढायची. तो एका टोकाला ढकलतो, मी दुसऱ्या टोकाला खेचतो. बोटांना फोड आले. त्याने स्वतःचे हातमोजे मला दिले आणि म्हणाला, "हे घाल. तुझ्या हातांचं काही झालं तर मला रोज तुझी रड ऐकावी लागेल."

"आणि तू?"

"मला कुठे काही वाजवायचंय."

दुपारी रिकाम्या नळीवर पक्कड आपटून बघितली. चांगला आवाज आहे. दुसऱ्या टोकाहून तो ओरडला, "इथे पण सुरू झालं का तुझं?"

२६ जुलै

घरी सांगितलं नाही अजून. ताईला म्हटलं, काम जोरात आहे. ती म्हणाली, मग आवाज का बसलाय? मी म्हटलं, सर्दी. आई मागून म्हणाली, हळद घे. मागचा ठोकण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे बाबा ऐकत होते.

परत जावं का, हा विचार येतो. दुकानात माझी जागा आहे. पण तिथे बसलो तर मी पत्रा ठोकणार आणि मनात मोजणार. बाबांच्या पेट्या वाकड्या होतील.

१३ ऑगस्ट

मॅडमचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो.

एक मोठे संगीतकार आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नऊ गाण्यांचं काम. चाळीस वादक समोर बसवून, जुन्या पद्धतीने. गाणाऱ्या अक्का आहेत, सत्तरीच्या, ज्यांचा आवाज आमच्या घरातल्या तिन्ही पिढ्यांनी ऐकलाय. मास्तरांनी घरी कॉम्प्युटरवर कच्ची गाणी बनवली, त्यात ड्रम मशीनचे. आता त्यांना खरा ड्रमवाला हवाय, पण अगदी तसाच आवाज काढणारा. तीन जण येऊन गेले. तिघांनाही मास्तर म्हणाले, कच्च्या गाण्यातला माणूस तुमच्यापेक्षा चांगला आहे.

मी विचारलं, "मशीनमध्ये ठोके कुणाचे आहेत?"

मॅडम म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

शिडीला धरून हसलो. वायरमनला वाटलं शॉक बसला.

"सांगता येणार नाही हं तुला," मॅडम म्हणाल्या. "सही आहे तुझी. नुसतं वाजवून दाखवावं लागेल. शुक्रवारी जमलं तर नऊच्या नऊ गाणी तुझी. नाही जमलं तर मास्तर मशीनचेच ठेवणार आहेत. आणि मास्तरांनी एकदा ठेवले की बाकीचेही ठेवतील. पुढे मलाही कुणाला बोलवता येणार नाही."

वायरमनने माझ्याकडची वायर काढून घेतली. "जा. बोटं शेकून घे. शुक्रवारपर्यंत पेलासुद्धा उचलू नकोस."

१७ ऑगस्ट

काल हात चालत नव्हता, म्हणून शुक्रवारचं आज लिहितोय. नीट लिहायचंय.

मोठा हॉल, लाकडी जमीन. व्हायोलिनवाले अर्धगोलात, त्यांच्यामागे बासरी, तुताऱ्या. मी एका कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी काचेचे पडदे, म्हणजे माझा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरू नये. समोर अक्का, उंच खुर्चीवर, पायाखाली पाट. सगळ्यांच्या कानात हेडफोन आणि त्यात टिकटिक चालू. सगळ्यांनी त्या टिकटिकीच्या मागे चालायचं.

आधी कच्चं गाणं ऐकवलं. माझाच स्नेअर, माझीच झांज. कानात मी, आणि हातात काठ्या घेऊनही मीच. असा प्रसंग कुणावर आला नसेल.

पहिल्यांदा वाजवलं ते मला वाजवावंसं वाटलं तसं. अक्कांच्या ओठांकडे बघत. संपल्यावर मास्तर पेन्सिल टेबलावर टेकवत म्हणाले, "बरं आहे. पण कच्च्यातला माणूस ऐकलास ना? त्याचा एकेक ठोका कसा सुरीने कापल्यासारखा. तुझा हात जरा मोकाट आहे."

काचेमागे मॅडम पाणी पीत होत्या. त्यांना ठसका लागला.

मला सांगता येत नव्हतं. म्हटलं, "पुन्हा करतो."

दुसऱ्यांदा मी जानेवारीत बसलो होतो तसा बसलो. पाठ ताठ, श्वास धरलेला. गाणं डोक्यातून काढलं. एक ठोका, दगड. एक ठोका, दगड. माझी नक्कल माझ्याइतकी कुणाला येणार? मास्तरांची मान हलायला लागली. "आलास जवळ. आलास."

तेवढ्यात अक्का गायच्या थांबल्या. चाळीस वादक दोन ओळी पुढे जाऊन अडखळले. अक्कांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मास्तर, मी श्वास कुठे ठेवू?"

"काय झालं अक्का?"

"हा पोरगा मघाशी माझ्याकडे बघून वाजवत होता. आता भिंतीकडे बघतोय."

"अक्का, ठेका पक्का हवा ना."

"पक्का कशाला? मी काय पूल बांधायला आलेय?"

एका व्हायोलिनवाल्याने तोंड फिरवून हसून घेतलं. मास्तर म्हणाले, "परवा मशीनवर गायलात की तुम्ही."

"गायले. आणि घरी जाऊन सहा वाजताच झोपले. ते मला हाकतं हो. बैलाला हाकावं तसं." मग माझ्याकडे बोट केलं. "ही टिकटिक काढा सगळ्यांच्या कानांतून. मघासारखं वाजवू दे याला."

मास्तर उभे राहिले. "टिकटिक काढली तर चाळीस जण कुणाच्या मागे जाणार?"

"याच्या."

"आणि हा?"

"माझ्या."

मास्तरांनी काचेकडे बघितलं. मॅडमनी विचारलंही नाही, बटण दाबलं. कानातली टिकटिक गेली. इतकी शांतता मी स्टुडिओत कधी ऐकली नव्हती. सगळ्यांच्या नजरा माझ्या काठ्यांवर. मनात आलं, बाराव्या मजल्यावर बरं होतं.

अक्का म्हणाल्या, "ये रे."

चार मोजले आणि सुरू झालो. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात अक्का जरा रेंगाळल्या, मी त्यांच्याबरोबर रेंगाळलो, आणि माझ्यामागून चाळीस जण रेंगाळले, मोठी होडी वळावी तसे, जरा सावकाश पण सगळेच्या सगळे. तिसऱ्या कडव्यात एक शब्द आहे, 'थांब'. साधा शब्द. कच्च्या गाण्यात तो एक मात्रेचा होता. अक्कांनी तो धरला. एक मात्रा गेली. दुसरी गेली. माझी काठी हवेत. तुतारीवाले गाल फुगवून माझ्याकडे बघतायत. मास्तरांचा हात अर्धा वर आलेला. तिसरीनंतर मी मोजणं सोडलं. शाळा सोडल्यापासून मी मोजतोच आहे, पायऱ्या, लोकांची पावलं, नळाचे थेंब. तिथे पहिल्यांदा मोजलं नाही. नुसतं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा जरा खाली आला, आणि काठी स्नेअरवर ठेवली. मारली नाही, ठेवली. सगळे बरोबर त्याच जागी उतरले. चाळीस जण, एक पाय.

गाणं संपलं तरी कुणी हललं नाही. आवाज विरेपर्यंत हलायचं नाही, हा नियम इथे कुणी सांगितला नव्हता.

मास्तरांनी आधी मशीनचं ऐकलं, मग हे. मग पुन्हा मशीनचं, 'थांब' या शब्दापर्यंत. तिथे माझा ठोका बरोबर वेळेवर पडला, स्वच्छ, सुरीने कापल्यासारखा, अक्कांच्या शब्दाच्या मधोमध. मास्तरांनी तोंड वाकडं केलं.

मला जवळ बोलावलं. "तुझंच ठेवतो. पण खरं सांगू? त्या कच्च्यातल्या माणसाचा हात फार चांगला आहे. त्याला शोधावं म्हणतो. दोघं मिळून काही तरी करता येईल. तू ओळखतोस का त्याला?"

मॅडम काचेमागे अगदी स्थिर.

"ओळखतो," मी म्हटलं. "हात चांगलाच आहे त्याचा. स्वच्छ. पण तो कुणासाठी थांबत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे नीट बघितलं. काय समजले, किती समजले, मला सांगता येणार नाही. पेन्सिल कानामागे लावली.

"मग राहू दे त्याला. सोमवारी नऊला ये. अजून आठ आहेत, आणि अक्का प्रत्येकात कुठे ना कुठे हे करणार."

"करणारच," अक्का खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाल्या. "पाट कुठे गेला माझा?"

रेकॉर्डिंग संपलं की ड्रम खोलायचे, पेटीत भरायचे, खांद्यावर टाकून निघायचं, ही आमची रीत. मी सवयीने पहिला स्क्रू सैल करायला वाकलो. मॅडम दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा लावत बसणार का?"

स्क्रू आवळला. ड्रम होते तिथे तसेच ठेवले, वर चादर टाकली, आणि नुसत्या काठ्या घेऊन घरी आलो.